कौसल्याबाईंच्या नळाची परीक्षा

जावयाने रुसावं, फुगावं, आमटीत मीठ कमी आहे असं सुचवावं, दिवाळीच्या कोटाचं कापड दोन बोटांत चोळून बघावं, एवढं सगळं कौसल्याबाई आजगावकरांना मंजूर होतं. जावई म्हटला की हे आलंच. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे नानांनीही हे सगळं आपल्या सासरी केलेलं होतं आणि त्याची शिक्षा ते अजून भोगत होते. पण सासरच्या घरात येऊन, पंख्याखालच्या खुर्चीवर बसून, समोर आलेला पाण्याचा तांब्या हाताने बाजूला सारणारा जावई गिरगावात आजवर झाला नव्हता. तो मान श्रीरंगरावांनी मिळवला.

"नको, आई," ते म्हणाले. "तहान नाही."

वैशाखातली दुपार, दादरहून उन्हातून आलेला माणूस, सदरा पाठीला चिकटलेला, आणि म्हणे तहान नाही. कौसल्याबाईंनी तांब्याकडे बघितलं. तांब्या असा घासलेला होता की त्यात बघून कुंकू लावावं. म्हणजे दोष तांब्याचा नव्हता.

"बरोबर गुळाचा खडा देऊ?"

"तसं नाही, आई." श्रीरंगरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. चष्मा पुसायला घेतला की ते काहीतरी शास्त्रातलं बोलणार, हे कौसल्याबाईंना साखरपुड्यापासून माहीत होतं. "ही वाडी जुनी. जुन्या वाड्यांतले नळ शिशाचे असतात. ते शिसं पाण्यात उतरतं. डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही, पण उतरतं. आमच्या प्रयोगशाळेत सध्या हेच मोजायचं काम चाललंय."

श्रीरंगराव परळच्या एका प्रयोगशाळेत होते. म्हणजे सकाळी जाऊन काचेच्या नळ्या हलवायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं. कौसल्याबाईंची शाळा दुसरीत सुटली होती, पण दिसत नाही आणि लागतही नाही अशा वस्तूचं वजन करून कुणी पगार देतं, यावर त्यांचा विश्वास बसायला दुसरीच्या पुढचं शिक्षणही पुरलं नसतं.

"बरं, उतरतं तर उतरतं," त्या म्हणाल्या. "आम्ही इतकी वर्षं पितोय. आमच्या अंगावर काही शिसं चढलेलं दिसत नाही."

"तुमचं ठीक आहे, आई. पण नलूला दिवस गेलेत. पोटातल्या मुलाला शिसं फार वाईट. म्हणून मी म्हणत होतो, पाण्याची तपासणी होईपर्यंत तिला इथे बाळंतपणाला पाठवू नये."

आतल्या खोलीत नाना पेपर वाचत होते. तो पेपर खाली आल्याचा आवाज झाला आणि लगेच पुन्हा वर गेल्याचा झाला.

नलू ही कौसल्याबाईंची एकुलती एक मुलगी. सातवा महिना, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे काय सांगायला हवं? डिंक आणला होता, अळीव आणले होते, बाजेला नवी नवार भरून घेतली होती, प्रसूतिगृहात नाव घातलं होतं. आणि आता हा गृहस्थ, ज्याला स्वतःच्या पायमोज्यांची जोडी जुळवता येत नाही, तो सांगणार की नलू येणार नाही. आली नाही तर ती बाळंत होणार दादरला, सासरी, विहीणबाईंच्या हातात. आणि कमळाबाई विहीणबाई ही गोष्ट नातवाच्या मुंजीत सांगणार, लग्नात सांगणार, आणि जगल्या-वाचल्या तर पणतवाच्या बारशातही सांगणार, की बाळंतपणसुद्धा आम्हीच केलं हो, त्यांच्याकडचं पाणी चांगलं नव्हतं ना.

"तपासा," कौसल्याबाई म्हणाल्या. "आमचं पाणी परीक्षेला घाबरत नाही."

शेजारच्या गंगुबाई तेवढ्यात गॅलरीत वाळवण उलटत होत्या. त्यांच्या वाळवणाला आजवर कधीच एवढा वेळ लागला नव्हता. दिवेलागणीपर्यंत सगळ्या वाडीला कळलं की कौसल्याबाईंच्या जावयाला त्यांच्या पाण्यात काहीतरी सापडलं. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याचं पातेलंभर विष झालं होतं.

मग सल्ले सुरू झाले. गंगुबाई म्हणाल्या, पाण्यात तुळस टाका. कुणी म्हणालं तुरटी फिरवा. मधल्या माळ्यावरच्या एका आजींनी सांगितलं की तापलेली उलथणी पाण्यात बुडवली की सगळे धातू पळतात, कारण लोखंड त्यांच्यात थोरलं. वाडीच्या कमिटीचे चिटणीस बाबुराव मात्र एकदम गंभीर झाले. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. बाबुराव एकदा सत्याग्रहात धरले गेले होते आणि संध्याकाळी सुटले होते, तेव्हापासून त्यांना कुठलीही गोष्ट लहान दिसत नसे.

"कौसल्याबाई, हे प्रकरण नळाचं नाही," ते म्हणाले. "मुंबई आमच्या घामाने उभी राहिली. आणि आमच्याच नळाला शिसं? हे कुठून येतंय ते जनतेला कळलं पाहिजे."

"पाइपातून येतंय म्हणतो जावई."

"पाइप कुणी बसवला?"

"तुमच्या आजोबांच्या वेळी बसलाय तो, बाबुराव. ते कमिटीवर होते."

बाबुरावांनी तो मुद्दा तेवढ्यावरच सोडला, पण कमिटीत नळाविरुद्ध ठराव मांडायचं सोडलं नाही.

कौसल्याबाईंनी नानांना महापालिकेच्या कचेरीत पाठवलं. म्हटलं, सरकारी माणसाने पाणी चांगलं म्हटलं की ते जावयाच्या तोंडावर मारता येईल. नाना दोन तासांनी परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"काय झालं?"

"कारकुनाने विचारलं, पाणी येत नाही का? म्हटलं, येतं. गढूळ येतं का? म्हटलं, नाही. वास येतो का? म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग तुम्ही आभार मानायला आलात का?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"आभार मानून आलो."

शेवटी श्रीरंगरावांनीच एक बाटली धाडली. काचेची, काचेच्याच बुचाची. सोबत सूचना: बाटली तेजाबाने धुतली आहे, आत हात लावू नये, पुन्हा धुऊ नये. पहाटे नळ सुटला की पहिल्या धारेचंच पाणी भरावं, जरासुद्धा वाहू देऊ नये. बूच लावून ठेवावं. बस.

आता सूचना देणाऱ्याचं काय जातं? बाटलीत आधी काय होतं देव जाणे. प्रयोगशाळेत मेलेले बेडूक ठेवतात असं गंगुबाईंचा पुतण्या सांगत होता. तेजाबाने धुतली म्हणे; कौसल्याबाईंच्या घरात भांडी राखेने घासतात आणि चिंचेने उजळतात, आणि ती सात घरी मिरवतात. त्यांनी बाटली आतून-बाहेरून घासली. दुसरं, पहिल्या धारेचं पाणी म्हणजे रात्रभर पाइपात पडलेलं शिळं पाणी. आपली वस्तू परीक्षेला पाठवायची आणि ती शिळी पाठवायची? पाहुण्याला कुणी कालचा भात वाढतं का? त्यांनी नळ खळखळून वाहू दिला, नव्या पंच्याच्या घडीतून पाणी गाळून घेतलं आणि मग भरलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण कामाला हात घातला की देवाला सांगायचं, ही त्यांची रीत. वाडीच्या कोपऱ्यात नळाशेजारीच मारुती. कौसल्याबाईंनी त्याला तेल-शेंदूर वाहिला, चांगला सढळ हाताने, बाटली त्याच्या पायाशी ठेवली आणि सांगितलं, "बाबा, लेकीचं बाळंतपण आहे. पास कर." मारुतीच्या पायावरून ओघळलेल्या तीर्थाची पळीभर धार त्यांनी बाटलीत सोडली. पाण्याला किंचित केशरी झाक आली. ती त्यांना फार शोभिवंत वाटली.

बाटली परळला गेली आणि तिसऱ्या दिवशी श्रीरंगराव स्वतः आले. या वेळी ते खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत.

"आई, आमच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं की हे पाणी कुठल्या रंगाच्या कारखान्याच्या गटारातलं आहे. एवढं शिसं माणसाने तोंडात घेतलं तर... तुम्ही सगळे अजून बसता-उठताय कसे?"

गंगुबाईंचं वाळवण पुन्हा गॅलरीत आलेलं होतंच.

त्यानंतर जे झालं ते सांगताना पुढे कित्येक वर्षं कौसल्याबाईंचा आवाज चढत असे. बाबुरावांनी नळाच्या तोंडाला गोणपाट बांधलं आणि वर काळं निशाण लावलं. वाडीतल्या बायका हंडे-कळशा घेऊन पलीकडच्या वाडीत पाणी मागायला निघाल्या. बरोबर कौसल्याबाईंनाही जावं लागलं, कारण तहान अपमानासाठी थांबत नाही. तिथल्या नळावरची एक बाई दुसरीला कोपराने ढोसून म्हणाली, "त्या पलीकडच्या. तो कौसल्याबाईंचा विषाचा नळ नाही का, तिथल्या." नळ सगळ्या वाडीचा. आजपर्यंत त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण विष निघालं म्हटल्यावर तो एकट्या कौसल्याबाईंचा झाला. कळशी काखेत घेऊन त्या अशा ताठ चालत आल्या की निम्मं पाणी वाटेत सांडलं.

घरी येऊन त्यांनी नवारीच्या बाजेकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"अहो, जावयाला निरोप पाठवा. म्हणावं, पुन्हा परीक्षा घ्या. नापास झालेल्या पोरालाही दुसऱ्यांदा बसू देतात."

श्रीरंगरावांनी या वेळी दोन बाटल्या पाठवल्या. एक फुटली-बिटली तर असू दे म्हणून. आणि नानांच्या हाती निरोप: या खेपेला फक्त सांगितलं तेवढंच करा. हे 'तेवढंच' त्यांनी दोनदा म्हटलं होतं आणि नानांनीही ते दोनदाच सांगितलं, याबद्दल नानांना त्या रात्री वांगं वाढलं गेलं नाही.

पण कौसल्याबाईंनी केलं तेवढंच. पहाटे गोणपाट सोडलं, पहिली धार बाटलीत घेतली, बूच लावून वर मेण ओतलं. मारुतीकडे लांबूनच बघितलं. तीर्थाचा उपयोग झाला नव्हता, तेव्हा त्या त्याच्यावर जराशा रागावलेल्याच होत्या. बाटली कुणाच्या हाती द्यायची नाही, स्वतः परळला न्यायची असं ठरवलं. दुसरी रिकामी बाटली पिशवीत टाकताना मात्र त्या मध्येच थांबल्या.

त्यांच्या मनात आलं, नलू आत्ता या घटकेला कुणाचं पाणी पितेय?

त्या बसने परळला न उतरता तशाच पुढे दादरला गेल्या.

कमळाबाई विहीणबाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र नळ असणं हा त्यांच्या संसाराचा कळस होता. घरमालकाला सांगून खास वरपर्यंत नवा पाइप ओढून घेतला होता. लग्नाच्या बोलणीतही मुलाच्या पगाराआधी नळ आला होता.

"या, विहीणबाई," त्या दार उघडून म्हणाल्या. "ऐकलं हो सगळं. फार वाईट वाटलं. सगळ्या वाडीत मिळून एकच नळ म्हटल्यावर असं व्हायचंच."

"तेच तर," कौसल्याबाई इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की आतून नलू पोट सावरत बाहेर आली आणि घाबरून आईकडे बघू लागली. "म्हटलं, वाईट पाणी कसं असतं ते तर कळलं. आता चांगलं कसं असतं तेही प्रयोगशाळेत दिसू दे. तुमच्या नळाचं जरा द्याल का? तुमच्या हातानेच भरा. माझा हात नको लागायला."

कमळाबाई खुलल्या. दुपारचं पाणी नुकतंच सुटत होतं. त्यांनी पहिल्या धारेला बाटली लावली, बूच बसवलं, मेणही स्वतः ओतलं, वर म्हणाल्या, "बघा, कसं स्फटिकासारखं आहे." मग सरबत पुढे केलं. कौसल्याबाईंनी हात जोडले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे त्या पाळत होत्या, आणि कमळाबाईंनाही ते माहीत होतं. तरी त्या दर वेळी सरबत पुढे करत.

"आई, तू काय करतेयस?" नलूने जिन्यात हळूच विचारलं.

"तुझं बाळंतपण गिरगावला हलवतेय," कौसल्याबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

परळच्या नाक्यावर त्या दिवशी मोर्चा यायचा होता. म्हणून पोलीस लोकांच्या पिशव्या बघत होते: दगड, सोड्याच्या बाटल्या, काय सापडेल ते. त्यात दारूबंदीचे दिवस. मिशीवाल्या हवालदाराने पिशवीत डोकावलं आणि मेणबंद बाटल्या बघून त्याचा चेहरा उजळला.

"मावशी, हे काय आहे?"

"पाणी."

"पाण्याला मेणाचं सील?" त्याने बाटली उन्हात धरली. "रंग नाही, गाळ नाही. माल चांगला दिसतोय. कुठून आणला?"

"नळातून. पहिल्या धारेचं आहे," कौसल्याबाईंनी सरळ सांगितलं, आणि मागचे दोन शिपाई तोंड फिरवून खोकू लागले.

"असं? मग पाणीच आहे तर एक घोट घेऊन दाखवा."

"घेता येत नाही."

"का?"

"ही बाटली माझ्या घरची. हिचं मेण फुटलं तर जावई परीक्षा घेणार नाही आणि लेक बाळंतपणाला यायची नाही."

"मग दुसरीतलं घ्या."

"ते लेकीच्या सासरचं आहे."

हवालदाराने आवाज एकदम उतरवून विचारलं, "मुलीला मूलबाळ?"

"सातवा चाललाय. पहिलाच."

त्याने बाटली दोन्ही हातांनी पिशवीत परत ठेवली. "मग कसं घ्याल तुम्ही," तो म्हणाला. "माझ्या बायकोनेही नाही घेतलं, आमच्या थोरलीला मुलगा होईस्तोवर. ए, वाट द्या मावशींना." आणि मागच्या शिपायांना म्हणाला, "दारू नेणाऱ्याला हे सुचायचं नाही."

प्रयोगशाळेत श्रीरंगराव पांढरा डगला घालून उभे होते. सासूबाईंना दारात बघून त्यांच्या हातातली काचेची नळी जवळजवळ सुटली. त्यांनी त्यांना टेबलापासून लांब एका स्टुलावर बसवलं आणि कशालाही हात लावू नका असं बजावलं. बाटल्या त्यांनी पिशवीतून स्वतः काढून घेतल्या. दोन्हींत एकच पाणी असणार असं धरून चालले होते, आणि कौसल्याबाई गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं ही काय चीज आहे हे नानांनी ओळखलं असतं. जावयाला अजून तेवढी वर्षं झाली नव्हती.

"आई, हे बघा," त्यांनी काचेच्या नरसाळ्यासारख्या भांड्यात पहिल्या बाटलीतलं पाणी घेतलं, त्यात आणखी काय काय घातलं आणि शेवटी एक हिरवंगार औषध ओतलं. "शिसं असलं तर हे हिरवं औषध लाल होतं. जितकं शिसं, तितकं लाल."

त्यांनी भांडं हलवलं. औषध खाली बसलं. हिरवं ते हिरवंच. अगदी निरखून बघितलं तर कडेला नावापुरती झाक.

श्रीरंगराव चष्मा पुसायला लागले. "असं कसं? मागच्या खेपेला तर रक्तासारखं लाल झालं होतं."

"लाल झालं ते शुभच झालं होतं की," कौसल्याबाई म्हणाल्या. "मारुतीचा शेंदूर उतरला असेल. तीर्थ घातलं होतं ना मी."

"काय घातलं होतं?"

त्यांनी सांगितलं. राखेपासून तीर्थापर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलंच नव्हतं. श्रीरंगराव आधी खुर्चीच्या पाठीला टेकले आणि मग खुर्चीवरच बसले.

"आई, शेंदूर म्हणजेच शिसं असतं. शिसं भाजूनच तो करतात."

"काहीतरीच बोलू नका. आमचा मारुती काय विष फासून बसलाय?"

"त्याला चालतं, आई. तो पीत नाही."

कौसल्याबाईंनी पदर सारखा केला. गोणपाट, काळं निशाण, पलीकडच्या वाडीतली ती कोपराने ढोसणारी बाई, हे सगळं एका पळीभर तीर्थाने झालं होतं, आणि पळी त्यांच्याच हातात होती. चेहरा गरम झाल्याचं त्यांना जाणवलं. असं त्यांना लग्नाच्या मांडवातसुद्धा झालं नव्हतं. वाडीत हे बाबुरावांना सांगावं लागणार. गंगुबाईंना सांगावं लागणारच नव्हतं, त्यांना कळणारच होतं.

"बरं, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या खोलीतल्या सगळ्या काचेच्या सामानाने ऐकलं, पण ते पुन्हा ऐकायला मिळेल या आशेवर कुणी राहू नये. "आता ती दुसरी बघा."

"तिची काही गरज नाही."

"तेजाबाने धुतलीय ना? वाया कशाला घालवता?"

श्रीरंगरावांनी सासूची समजूत म्हणून दुसरी बाटली घेतली. पाणी घातलं, हिरवं औषध घातलं, भांडं हलवलं. औषध खाली बसता बसता गुलाबी झालं, मग चांगलं जास्वंदीसारखं लाल झालं.

ते चमकले. "आई, हिच्यातही तीर्थ घातलंत?"

"नाही हो. बोटसुद्धा लावलं नाही. तुमच्या आईंनी भरलं, तुमच्या आईंनी बूच लावलं, मेणही त्यांनीच ओतलं."

"माझ्या आईने? ती कशाला..." आणि ते थांबले. तिसरा मजला, वरपर्यंत ओढलेला खास नवा शिशाचा पाइप, वाडीतल्या जुन्यासारखा आतून थर न बसलेला, त्यात सकाळपासून साचून राहिलेलं पाणी, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जाताना कौसल्याबाईंना स्पष्ट दिसलं. मग जावयाला नलू आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "रोज ती तेच पाणी पितेय," ते अगदी हळू म्हणाले. "सात महिने. आणि मी इथे सगळ्या गावाचं पाणी तपासतोय."

कौसल्याबाई हा क्षण दादरपासून पिशवीत घेऊन आल्या होत्या. काय काय बोलायचं ते बसमध्ये तीनदा घोकलं होतं. पण समोर बसलेल्या त्या माणसाकडे बघून त्यातलं निम्मं त्यांनी गिळलं. उरलेलं निम्मं गिळण्याची सवय त्यांना नव्हती. त्या उठल्या, रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली.

"ऐका, श्रीरंगराव," त्या म्हणाल्या. "हुशार तुम्ही आहात, त्यात वाद नाही. पण तुमची हुशारी गिरगावातल्या सासूच्या नळापर्यंत पोचली आणि स्वतःच्या मोरीपाशी मुक्याने बसली. नलूला मी आज संध्याकाळीच घेऊन जाते. तुम्हीही कपडे घेऊन या, विहीणबाईंनाही आणा, त्यांना काही बोलायचं असेल तर माझ्याच घरी माझं पाणी पिऊन बोलू दे. एकीचंच बाळंतपण करायचं ठरलं होतं. आता सगळ्यांचंच करते."